फायलिन, ऑक्टोबर २०१३: उपग्रहांनी कुठे तारलं आणि कुठे नाही

१२ ऑक्टोबर २०१३, शनिवार. ओडिशात दुर्गापूजेची अष्टमी. त्या रात्री साडेदहाच्या सुमारास ‘फायलिन’ हे चक्रीवादळ गंजाम जिल्ह्यात गोपालपूरजवळ किनाऱ्यावर धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या पुढे होता. सरकारी कर्मचाऱ्यांच्या पूजेच्या सुट्ट्या आधीच रद्द झाल्या होत्या आणि जवळपास १० लाख माणसं घरं सोडून निवाऱ्याला गेली होती. ओडिशात या वादळाने आणि त्यामागून आलेल्या पुराने मिळून ४४ बळी घेतले. याच राज्यात १४ वर्षांपूर्वी, २९ ऑक्टोबर १९९९ ला, पारादीपजवळ महाचक्रीवादळ आलं होतं. तेव्हा सरकारी हिशेबानेच सुमारे १० हजार माणसं गेली होती आणि त्यातली बहुतेक एकट्या जगतसिंगपूर जिल्ह्यातली होती.

ही तुलना इतक्या वेळा झाली आहे की तिचं तात्पर्य आता तोंडपाठ असतं: उपग्रह आले, अंदाज सुधारले, जीव वाचले. यातला पहिलाच दुवा कच्चा आहे. उपग्रह १९९९ सालीही होते. भारताच्या इन्सॅट या उपग्रह-मालिकेतला पहिला यशस्वी उपग्रह, इन्सॅट-१बी, १९८३ सालचा. त्याच्याही आधी, १९६० च्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेसाठी मुंबईत कुलाब्याला आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र उभं राहिलं होतं आणि अमेरिकी उपग्रहांची ढगांची चित्रं तिथे उतरवून घेतली जात होती. १९९९ चं महावादळ काही लपूनछपून आलं नाही. हवामान खात्याने ते पाहिलं होतं, त्याची वाढ टिपली होती आणि इशारेही दिले होते. मग चौदा वर्षांत नेमकं काय बदललं?

माझं उत्तर असं की, चक्रीवादळाबद्दल किनाऱ्यावरच्या माणसाला तीन गोष्टी हव्या असतात: ते कुठे येणार, किती जोराचं असणार आणि पाणी किती आणणार. उपग्रहांनी या तिन्हींना सारखी मदत केलेली नाही. पहिल्या बाबतीत मोठीच झेप आहे. दुसऱ्यात झेप आहे, पण तिच्यावर भांडण झालं. तिसऱ्यात अजून बरंच चाचपडणं आहे. फायलिन हे या असमानतेचं फार चांगलं उदाहरण आहे, कारण तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात, एकाच किनाऱ्यावर बघायला मिळाल्या.

आधी न्यायाने बोलायचं तर दोन्ही वादळं एकाच ताकदीची नव्हती. १९९९ च्या वादळाच्या केंद्रातला दाब ९१२ हेक्टोपास्कलपर्यंत उतरला होता आणि वारा ताशी २६० किमी. फायलिनचा अंदाजित दाब ९४० आणि वारा २१५. १९९९ मध्ये समुद्राचं पाणी पाच-सहा मीटर उंचीने सखल भागात घुसलं, आणि किनारा ओलांडल्यावर वादळ पुढे सरकायचं सोडून दीडेक दिवस तिथेच घुटमळत राहिलं. वायरलेस, फोन, वीज सगळं पडलं. शिवाय १९९९ नंतर ओडिशाने स्वतःचं आपत्ती प्राधिकरण काढलं, किनाऱ्याने पक्के निवारे बांधले, गावोगाव सराव घेतले. २०१३ साली मासेमाऱ्याच्या हातात मोबाइल होता. म्हणजे १० हजार आणि ४४ यांच्यातला फरक सगळाच्या सगळा उपग्रहांच्या खात्यावर मांडला तर तो ओडिशातल्या तलाठी-तहसीलदारांवर आणि गावच्या स्वयंसेवकांवर अन्याय होईल.

इशारा वेळेत निघाला म्हणजे तो पाळला जातो असंही नाही, हे आपल्याला पश्चिम किनाऱ्यावर फार महागात कळलं. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ अरबी समुद्रातून वर सरकत होतं. त्याचा मार्ग दिवसेंदिवस सांगितला जात होता. तरी मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ पी-३०५ हा बार्ज, म्हणजे कामगारांच्या राहण्याची सपाट बोट, २६१ माणसांसह समुद्रातच थांबला होता. तो बार्ज आणि वरप्रदा ही टगबोट मिळून ८६ जण गेले. उपग्रहाच्या चित्रात तिथे काहीही कमी नव्हतं.

कुठे येणार

फायलिनची सुरुवात बंगालच्या उपसागरात झालीच नव्हती. दक्षिण चीन समुद्राकडून आलेला हवेचा एक उरलासुरला भोवरा मलय द्वीपकल्प ओलांडून अंदमान समुद्राच्या बाजूला उतरला. ६ ऑक्टोबरला तिथे कमी दाबाचं क्षेत्र झालं, ८ ला त्याचा अवदाब झाला, ९ च्या संध्याकाळी चक्रीवादळ, १० ला अतितीव्र चक्रीवादळ. खुल्या समुद्रावर, जिथे ना वेधशाळा ना फुगे सोडणारी केंद्रं, तिथे या जन्मकहाणीचा दर अर्ध्या तासाचा दाखला ठेवणारे फक्त उपग्रहच होते. कल्पना-१ पूर्व रेखांश ७४ वर, इन्सॅट-३ए ९३.५ वर. कल्पना-१ हा २००२ साली सोडलेला भारताचा पहिला खास हवामानासाठीचा उपग्रह. तो सोडला तेव्हा त्याचं नाव मेटसॅट होतं. कोलंबिया यानाच्या अपघातानंतर त्याला कल्पना चावला यांचं नाव दिलं. २०१३ मध्ये तो अकरा वर्षांचा म्हातारा होता आणि त्याच वर्षी २६ जुलैला सोडलेला इन्सॅट-३डी अजून चाचणीच्या टप्प्यात होता.

पण चित्र बघून वादळ उद्या कुठे असेल हे कळत नाही. चक्रीवादळ स्वतःच्या मनाने चालत नाही, त्याच्या भोवतीची वरच्या थरांतली हवा त्याला वाहून नेते. म्हणून मार्ग सांगायचा तर वादळापेक्षा वादळाच्या आजूबाजूचं वातावरण जास्त नीट माहीत हवं: उत्तरेकडचा उच्च दाबाचा पट्टा कुठे आहे, त्याची कड कुठे झुकते आहे, पश्चिमेकडून कुठला हवेचा झोत येतो आहे. खरी क्रांती इथे झाली, आणि ती फोटोत दिसत नाही म्हणून तिची बातमी होत नाही. ध्रुवीय कक्षेतले, म्हणजे दोन्ही ध्रुवांवरून पृथ्वीभोवती फिरणारे, उपग्रह खालून वर येणारी इन्फ्रारेड आणि मायक्रोवेव्ह किरणं वेगवेगळ्या तरंगलांबीला मोजतात. कोणती तरंगलांबी हवेच्या कोणत्या उंचीवरून येते हे भौतिकशास्त्राने ठाऊक असतं, त्यामुळे त्या आकड्यांतून तापमान आणि बाष्प यांचे थर उलगडता येतात. भूस्थिर, म्हणजे पृथ्वीच्या एकाच भागावर कायम नजर ठेवून राहणाऱ्या, उपग्रहाच्या लागोपाठच्या चित्रांत ढगांचे तुकडे किती सरकले यावरून वरचा वारा काढता येतो. हे सगळं संगणकावरच्या मॉडेलमध्ये सतत ओतत राहायचं आणि मॉडेलला वास्तवाच्या जवळ धरून ठेवायचं. आज जागतिक मॉडेलांमध्ये जाणाऱ्या माहितीतला ९० टक्क्यांच्या आसपास वाटा उपग्रहांचा असतो.

१९९९ मध्ये ही किरणं मोजली जात नव्हती असं नाही. ती पचवण्याची ताकद कमी होती. मॉडेलच्या जाळीचे चौकोन मोठे, गणकयंत्रं अपुरी, आणि उपग्रहाचं कच्चं मोजमाप थेट मॉडेलमध्ये घेण्याचं गणित तेव्हा नुकतं हाताशी येत होतं. २०१३ पर्यंत हवामान खात्याचं जागतिक मॉडेल सुमारे २२-२३ किमीच्या जाळीवर चालत होतं, त्याच्या जोडीला वादळासाठीची खास मॉडेलं होती, आणि युरोप-अमेरिका-जपानच्या मॉडेलांचे निकालही समोर होते. खात्याने चक्रीवादळाच्या मार्गाचा ७२ तासांचा अंदाज द्यायला २००९ मध्ये सुरुवात केली आणि तो १२० तासांपर्यंत वाढवला तो २०१३ मध्येच. म्हणजे पाच दिवसांच्या अंदाजाची ही पहिली मोठी परीक्षा होती. सुरुवातीच्या इशाऱ्यांतच वादळ आंध्रातलं कलिंगपट्टणम ते ओडिशातलं पारादीप या पट्ट्यात, १२ तारखेच्या रात्रीच्या सुमारास धडकेल असं सांगितलं गेलं. गोपालपूर त्या पट्ट्यात येतं आणि रात्रही तीच निघाली. विशाखापट्टणमच्या डॉप्लर रडारच्या टप्प्यात वादळ येईपर्यंत स्थलांतर जोरात सुरू होतं. रडारची वाट बघत बसले असते तर १० लाख माणसं हलवायला वेळच उरला नसता.

याचा पुरावा कसा द्यायचा, उपग्रह नसते तर काय झालं असतं हे कसं दाखवायचं? फायलिनच्या एक वर्ष आधी, ऑक्टोबर २०१२ च्या अखेरीस अमेरिकेच्या न्यू जर्सी किनाऱ्यावर ‘सॅन्डी’ आलं होतं. इंग्लंडमध्ये रीडिंग इथल्या युरोपीय अंदाज केंद्राने त्याचा अंदाज बरेच दिवस आधी बरोबर दिला. मग त्यांच्याच शास्त्रज्ञांनी ध्रुवीय उपग्रहांची सगळी माहिती काढून मॉडेल पुन्हा चालवून पाहिलं. वादळ एकदम डावीकडे वळून न्यू जर्सीवर येणार याचा चार-पाच दिवस आधीचा उपयोगी अंदाज त्यातून मिळेनाच. भूस्थिर उपग्रहांची ढगांची देखणी चित्रं या प्रयोगात काढून घेतलेली नव्हती, हे लक्षात घेण्यासारखं आहे. टीव्हीवर जे फिरतं ते चित्र आणि अंदाज ज्याच्यावर उभा असतो ते मोजमाप यांच्यात हा एवढा फरक आहे.

किती जोराचं

आता भांडणाचा भाग. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात रंजक भाग हाच.

१० ऑक्टोबरच्या सकाळपासून ११ च्या सकाळपर्यंत, एका दिवसात, फायलिनचा वारा ४५ नॉटवरून ११५ नॉटवर गेला. म्हणजे ताशी साधारण ८३ किमीवरून २१५ किमीवर. खालचं पाणी २८-२९ अंश, वरच्या आणि खालच्या वाऱ्यांत फारसा फरक नाही, त्यामुळे वादळाला वाढायला मोकळं रान मिळालं. हवामान खातं ११५ नॉटवर थांबलं. अमेरिकी नौदलाच्या हवाई बेटांवरच्या संयुक्त चक्रीवादळ इशारा केंद्राने मात्र आकडा १४० नॉटपर्यंत नेला, म्हणजे ताशी २६० किमी. लंडनच्या एका संस्थेने फायलिनला पाचव्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीत बसवलं. परदेशी पत्रकारांनी लिहिलं की भारताचं खातं धोका कमी करून सांगतंय, यात माणसं मरतील. तेव्हा खात्याचे महासंचालक लक्ष्मण सिंग राठोड होते आणि चक्रीवादळ विभाग मृत्युंजय महापात्रा सांभाळत होते. महापात्रा स्वतः ओडिशाचे, पुढे तेही महासंचालक झाले. दोघांनी आकडा बदलला नाही. राठोडांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की ते लोक जास्तीचा इशारा देत आहेत आणि आम्ही आमच्या मतावर ठाम आहोत.

एकाच वादळाचे, जवळपास एकाच वेळच्या चित्रांवरून, दोन आकडे निघतात कसे? कारण उपग्रह वारा मोजत नाही. इन्फ्रारेड कॅमेऱ्याला ३६ हजार किमीवरून ढगांच्या माथ्यांचं तापमान दिसतं, बस. लग्नाचा मांडव वरून पाहावा आणि आत पंगतीला किती पाने बसली आहेत ते कापडाच्या फुगवट्यावरून सांगावं, तसला हा प्रकार आहे. ही विद्या शोधणारा माणूस व्हर्नन ड्वोरॅक, अमेरिकेच्या हवामान-उपग्रह सेवेतला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने हजारो चित्रं आणि विमानांनी मोजलेले वारे यांची सांगड घालून एक तक्ता बसवला. ढगांचे पट्टे केंद्राभोवती किती गुंडाळले आहेत, डोळा उमटला आहे का, डोळ्यातलं तापमान किती उबदार आणि भोवतीच्या कड्यातले ढगमाथे किती थंड, यावरून ‘टी’ अंक द्यायचा. २.५ आला की चक्रीवादळ. ३ म्हणजे ४५ नॉट. ६ म्हणजे ११५. ७ म्हणजे १४०. मधल्या पायऱ्या अर्ध्या-अर्ध्याच्या. फायलिनने एका दिवसात तीन पूर्ण पायऱ्या चढल्या. एवढी वेगाची वाढ ही पद्धतच सहसा मान्य करत नाही, तिच्या नियमांत वाढीवर लगाम आहे.

तर दिल्लीने ६ दिला आणि अमेरिकेने ७. मधला फरक एका पायरीचा, पण वाऱ्यात तो २५ नॉट, ताशी ४६ किमी होतो. यातला थोडा भाग निव्वळ हिशेबाचा आहे: भारत तीन मिनिटांच्या वाऱ्याची सरासरी घेतो आणि अमेरिका एका मिनिटाची, त्यामुळे अमेरिकी आकडा मुळातच जरा मोठा येतो. पण तो फरक काही टक्क्यांचा, २५ नॉटचा नव्हे. बाकीचा सगळा फरक बघणाऱ्याच्या नजरेचा आणि तक्ता कसा लावला याचा.

अटलांटिकमध्ये अशा वेळी वादळात विमान घालतात, डोळ्यात उपकरण सोडतात आणि दाब-वारा प्रत्यक्ष मोजून आणतात. उत्तर हिंदी महासागरात अशी नियमित विमानफेरी नाही. म्हणून आपल्याकडे उपग्रह हाच साक्षीदार आणि उपग्रहाचा अर्थ लावणारा हाच न्यायाधीश. त्या आठवड्यात आणखी दोन साक्षीदार होते, पण दोघांच्या साक्षीला मर्यादा. ओशनसॅट-२ वरचं स्कॅटरोमीटर समुद्राच्या पृष्ठभागावर रडारची किरणं सोडून लाटांच्या खरबरीतपणावरून वारा काढत होतं. वादळाचा घेर किती, बाहेरच्या बाजूला ३४ नॉटचा वारा कुठवर पसरलाय, हे त्याने छान दाखवलं. हे किनाऱ्यावर फार कामाचं असतं, कारण झाडं आणि विजेचे खांब डोळा येण्याच्या कितीतरी तास आधी पडायला लागतात. पण डोळ्याजवळच्या प्रचंड वाऱ्यात आणि पावसात हे उपकरण दबून जातं, खरा कमाल वेग त्याला सांगता येत नाही. दुसरे साक्षीदार म्हणजे मायक्रोवेव्ह उपग्रह. ते वरच्या बर्फाळ ढगांच्या पडद्यातून आत बघू शकतात, डोळ्याभोवतीचं पावसाचं कडं दाखवतात. फक्त ते दिवसातून मोजक्याच वेळा डोक्यावरून जातात आणि वादळ दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत सापडलं तर काहीच हाती लागत नाही. भारत-फ्रान्सचा मेघा-ट्रॉपिक्स नेमका यासाठी, विषुववृत्ताजवळून वारंवार फिरावा म्हणून सोडलेला होता. त्याचं पावसाचं मुख्य उपकरण मद्रास जानेवारी २०१३ मध्येच बंद पडलं होतं. बाष्प मोजणारं सॅफिर तेवढं चालू होतं.

लोक म्हणतात हवामान खातं जिंकलं. नासधूस पाहिली तर तसं म्हणायला जागा आहे. वादळी उधाण ३ ते ३.५ मीटर येईल असा इशारा होता, गंजामच्या सखल भागात ते २ ते २.५ मीटर आलं आणि खारं पाणी साधारण एक किलोमीटर आत शिरलं. २६० किमीच्या वाऱ्याचं वादळ असतं तर याहून वाईट झालं असतं असा अंदाज बांधता येतो. धडकण्याआधी वादळ थोडं मंदावलं होतं हेही खरं. पण कमाल वारा ११ तारखेला, खोल समुद्रात होता, आणि तिथे मोजायला कोणी नव्हतं. त्यामुळे मी एवढंच म्हणेन की खात्याचा आकडा किनाऱ्यावरच्या निर्णयासाठी योग्य निघाला. समुद्रातल्या कमाल वाऱ्याबद्दल कोण बरोबर होतं हे त्यावरून सिद्ध होत नाही.

आणि ठाम राहण्यात धोका होताच. आकडा उलटा पडला असता तर ‘वेधशाळेने ऊन सांगितलं की छत्री घ्यायची’ हा आपला आवडता विनोद जगभर झाला असता. पण दुसऱ्या बाजूने पाहिलं तर फुगवलेल्या आकड्याचीही किंमत असते. उधाणाची उंची वाऱ्यावर ठरते, उंचीवर किती आतपर्यंतची गावं रिकामी करायची ते ठरतं, आणि उगाच हलवलेला माणूस पुढच्या वेळी हलायला कां-कूं करतो.

पाणी किती

इथे मी थोडक्यात सांगतो, कारण यश थोडं आहे. ४४ मृत्यूंपैकी २१ वादळाने झाले आणि २३ नंतरच्या पुराने. निम्म्याहून जास्त! वारा ओसरल्यावर, कॅमेरे परत फिरल्यावर, १३-१४ ऑक्टोबरला उत्तर ओडिशात बुढाबलंग, वैतरणी, सुवर्णरेखा या नद्या चढल्या. बालासोर, मयूरभंज, भद्रक हे जिल्हे वादळाच्या धडकेपासून लांब होते. कटक जिल्ह्यात बांकी इथे २४ तासांत ३८ सेंटिमीटर पाऊस पडला.

अतिवृष्टीचा इशारा होताच. अडचण कुठल्या नदीच्या कुठल्या खोऱ्यात किती, ही होती. उपग्रह पाऊसही थेट मोजत नाही: इन्फ्रारेडवरून तो ढगमाथ्याच्या थंडपणावरून काढलेला तर्क असतो, मायक्रोवेव्हवर जरा बरा, आणि जमिनीवर आल्यावर, डोंगर मध्ये आले की दोन्ही डगमगतात. वादळ जमिनीवर विरायला लागलं की त्याचं गोलाकार रूप मोडतं, आणि ड्वोरॅकच्या तक्त्यालाही त्यात वाचण्यासारखं काही उरत नाही. तिथून पुढचं काम रडारचं, पर्जन्यमापकांचं आणि नदीच्या पातळीवर लक्ष ठेवणाऱ्यांचं. पुढच्या काळात पूर्व किनाऱ्यावर डॉप्लर रडार वाढली. उपग्रहही सुधारले: इन्सॅट-३डी कामाला लागला, २०१६ मध्ये ३डीआर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ३डीएस आला. कल्पना-१ ची इन्फ्रारेड चित्रं ८ किमीच्या ठिपक्यांची होती, ३डीची ४ किमीची, आणि ३डीवर हवेचे थर मोजणारं १९ वाहिन्यांचं साउंडर होतं, जे भूस्थिर कक्षेत भारताने प्रथमच नेलं. याने मार्ग आणि जोर दोन्हींचा अंदाज सुधारला. खोऱ्यानिहाय पुराचा अंदाज मात्र आजही तेवढा सुधारलेला नाही.

फायलिन आणि हवामानबदल

अशा वादळानंतर प्रश्न येतोच: हे तापमानवाढीमुळे का? एका वादळाला हा प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ नाही. चाळीस-पन्नास वर्षांच्या वादळांना विचारायचा असतो, आणि तिथे पुन्हा उपग्रहांशीच गाठ पडते. फक्त या वेळी त्यांच्याकडून वेगळीच अपेक्षा असते. अंदाजासाठी उपग्रह नवा आणि तीक्ष्ण असलेला चांगला. हवामानबदलाच्या नोंदीसाठी तो आधीच्यासारखाच असलेला चांगला.

हिंदी महासागरात ही अडचण अगदी ठळक आहे. १९९८ मध्ये युरोपने मेटिओसॅट-५ हिंदी महासागरावर, ६३ अंश पूर्वेला सरकवला. त्याआधी जगभरच्या संशोधकांना सहज मिळणारे भूस्थिर उपग्रह एकतर फार पश्चिमेला होते नाहीतर फार पूर्वेला, आणि आपला समुद्र त्यांना कडेने, तिरपा दिसायचा. तिरप्या नजरेत डोळ्याचा खोल खड्डा अर्धा झाकला जातो, आणि वादळ आहे त्यापेक्षा कमजोर वाटतं. इन्सॅट बरोबर डोक्यावर होता, पण त्याची माहिती त्या काळी जगाशी मोकळेपणाने वाटली जात नव्हती. परिणाम असा की १९९८ च्या आधीची आणि नंतरची नोंद सरळ जोडली तर वादळं एकदम तगडी झाल्यासारखी दिसतात, आणि त्यातला काही भाग निव्वळ कॅमेरा हलल्याचा असतो.

यावर उपाय म्हणून जेम्स कॉसिन आणि सहकाऱ्यांनी उलटं काम केलं: जुन्या चित्रांना सुधारण्याऐवजी नव्या चित्रांना बिघडवलं. सगळ्या जगाची सगळी चित्रं एकाच जाडसर, ८ किमीच्या प्रतीला आणि तीन-तीन तासांच्या अंतराला उतरवली आणि ड्वोरॅकची पद्धत माणसाऐवजी संगणकाकडून एकसारखी लावली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार १९७९ ते २०१७ या काळात जगात मोठ्या ताकदीची वादळं असण्याची शक्यता दर दशकाला सुमारे ८ टक्क्यांनी वाढलेली दिसते. जगाच्या पातळीवर हे बऱ्यापैकी ठोस आहे. एकट्या बंगालच्या उपसागरासाठी तेवढ्या खात्रीने बोलता येत नाही, कारण उत्तर हिंदी महासागरात वर्षाला सरासरी पाचच्या आसपास चक्रीवादळं होतात. एवढ्या थोड्या नगांवर कल काढणं कठीण.

ज्याला वादळाचा खुराक म्हणता येईल त्या गोष्टी मोजायला उपग्रह जास्त भरवशाचे आहेत. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान १९८० च्या दशकापासून सलग मोजलं जातंय. समुद्राची पातळी टोपेक्स-पोसायडनपासून, १९९२ पासून. तेव्हापासून जागतिक सरासरी साधारण १० सेंटिमीटर चढली आहे. फायलिनच्याच वर्षी, फेब्रुवारीत, भारत-फ्रान्सचा सरल हा उपग्रह याच मालिकेत दाखल झाला. पण इथेही डोळे झाकून भागत नाही. १९९० च्या दशकात उपग्रहांच्या नोंदीत खालचं वातावरण तापत नसल्यासारखं दिसत होतं आणि त्यावरून बराच वाद झाला. उपग्रह स्वतःच कक्षेत हळूहळू खाली येत होते आणि त्याने मोजमाप बिघडत होतं, हे १९९८ मध्ये दाखवून दिल्यावर नोंद सुधारावी लागली.

फायलिनची नोंदही अजून एकमताची नाही. हवामान खात्याच्या यादीत त्याचा कमाल वारा ११५ नॉट आहे, अमेरिकी केंद्राच्या यादीत १४०. दोन्ही याद्या जगभरच्या अभ्यासात वापरल्या जातात, आणि बंगालच्या उपसागरात महाचक्रीवादळं (१२० नॉट किंवा त्याहून जास्त वाऱ्याची) किती झाली हे मोजणाऱ्याने कोणती यादी घेतली यावर २०१३ सालात एक धरायचं की शून्य हे ठरतं.